साठ ओहम

आमच्या भागात खोदकाम करणाऱ्या प्रत्येक साखळीच्या यंत्राला पोकलेनच म्हणतात. मुळात ते फ्रान्समधल्या एका कंपनीचं नाव. यंत्र जपानी असो की कोरियन, नाव तेच चिकटलं. पहिलं नाव कानावर पडलं की माणूस पुढचं ऐकत नाही. या यंत्रांचं वायरिंग बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, आणि त्यातला बराच काळ असल्या चिकटलेल्या नावांच्या मागे धावण्यात गेला.

पूर्वी बरं होतं. मशीन बंद पडलं की डिझेल बघायचं, हवा काढायची, फ्यूज तपासायचा. जळक्या वायरीच्या वासावर निम्मं निदान व्हायचं. आता इंजिनाला एक मेंदू, पंपाला दुसरा, केबिनमधल्या डिस्प्लेला तिसरा. आणि हे सगळे दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ मध्ये मोटारगाड्यांसाठी ही पद्धत जगापुढे मांडली. तिला कॅन म्हणतात. बहुतेक यंत्रांत एक वायर पिवळी, एक हिरवी, दोघी एकमेकींना पीळ घालून निघालेल्या. गप्प असताना दोन्हींवर अडीच व्होल्ट. बोलायचं झालं की एक साडेतीनपर्यंत चढते आणि दुसरी दीडपर्यंत उतरते. ऐकणारा बघतो तो दोघींमधला फरक. बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो, म्हणून तो फरकात येत नाही. वायरींच्या दोन्ही टोकांना एकेक १२० ओहमचा रेझिस्टर असतो. तो नसेल तर बोललेलं टोकावर आपटून प्रतिध्वनीसारखं मागे फिरतं. हे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले, म्हणून मिळून ६० होतात. बॅटरी तोडायची, केबिनमधल्या नऊ पिनांच्या सॉकेटात सी आणि डी या पिनांवर मीटर धरायचा. ६० दिसले तर वाट शाबूत. १२० दिसले तर एक टोक हरवलंय.

२०२२ च्या मे महिन्यात उचगावहून एका मालकाचा फोन आला. विहिरीचं काम चाललेलं, वीस फुटांवर कातळ लागलेला, आणि पाऊस तोंडावर. "ईसीएम गेलाय बघा. डिस्प्लेवरच लिहून येतंय की! नवा किती पडंल तेवढं सांगा."

मी सांगितलं, आधी बघतो. मंगळवार होता. मळेकरणीच्या वाटेवर गाड्यांची ही गर्दी; शिवारात पोहोचायला दुपार झाली.

डिस्प्लेवर लिहून आलं होतं ते एवढंच, की इंजिनाच्या कंट्रोलरशी संपर्क नाही. म्हणजे डिस्प्लेला त्याचा निरोप पोहोचत नव्हता. गावाकडून पत्र आलं नाही म्हणून आपण कुणाचं तेरावं घालत नाही. पण डिस्प्लेवर नाव आलं की तो भाग मेला असं धरून चालायची आमच्या धंद्यात रीत आहे, आणि ती रीत लाखांच्या घरात जाते.

ऑपरेटर बैलहोंगलकडचा पोरगा. त्याला मराठी बेताचं. मी त्याच्याकडे वळलो तसे मालक म्हणाले, "त्याला काय विचारताय? बकेट लावली की दिवसभर चालवतोय, ब्रेकर लावला की धा मिनटांत मशीन बंद पाडतोय. कातळ फोडायचा कंटाळा. पगार थांबवलाय मी त्येचा."

मी माझ्या मोडक्या कानडीत पोराला विचारलं. तो सांगत होता ते हेच होतं. बकेटला काही होत नाही. ब्रेकर लावला की दहा मिनिटांत डिस्प्ले ओरडतो आणि इंजिन पडतं. चावी बंद करून पुन्हा फिरवली की चालू. "बकेट इद्दाग?" मी पुन्हा विचारलं. "इल्ल्री." दोघांच्या बोलण्यात तिळाचा फरक नव्हता. एकजण ती तक्रार म्हणून सांगत होता आणि दुसरा लक्षण म्हणून.

ब्रेकर म्हणजे हादरे. बॅटरी तोडून सॉकेटवर मीटर धरला, तर चक्क ६०. मालकांचा चेहरा सांगत होता, बघा, वायरिंग ठीक आहे. मी पोराला केबिनखालचं वायरिंग धरून हलवायला लावलं. ६०, ६०, मग एकदम १२०, पुन्हा ६०. तो हात फिरवत मागे सरकला तसे एका जागी १२० वरच थांबले. त्याला म्हटलं, असाच धरून ठेव. इंजिनाकडे जाऊन तिथल्या कपलरवर मीटर लावला. तिथेही १२०. दोन्ही टोकं धड होती. तुटली होती मधली वाट.

पोराचा हात होता तिथेच केबिनच्या फरशीखाली एक कपलर निघाला. त्याला धरणारी पट्टी कधीच गळून पडलेली, आत पांढरट-हिरवी बुरशी, आणि हिरव्या वायरीची पिन मागे सरकलेली. मशीन उभं असताना ती कशीबशी टेकत होती. तिथे झाळकाम करायचं नसतं. हादऱ्यात झाळ कडक होऊन त्याच्या शेजारी वायर तुटते. पिन बदलून दाबून बसवली, पीळ होता तसा ठेवला, जुन्या ट्यूबचं रबर कापून कपलर बांधून घेतला. पाऊण तास ब्रेकर चालवून बघितला.

"येवढंच?" मालक म्हणाले. पोराला ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, माझं राहू द्या, आधी त्याचा पगार. थोडं कुरकुरत त्यांनी निम्मा तिथल्या तिथे दिला. उरलेल्याचं काय झालं मला माहीत नाही.

हे शहाणपण मी फुकट मिळवलेलं नाही, आणि त्याची किंमतही मी मोजलेली नाही. २०१३ साली निपाणीकडच्या एका मालकाला मी हाच डिस्प्ले वाचून नवा कंट्रोलर घ्यायला लावला. घरातलं सोनं गहाण पडलं. पंधरा दिवसांनी डबा आला, आणि बसवल्यावर तिसऱ्या दिवशी मशीन पुन्हा बंद. तेव्हा कुठे मी मीटर काढला. बूमच्या बुडाशी वायर घासली होती. मालकांना मी सांगितलं, "दोन्ही गेलं होतं, वायर पण आणि ईसीएम पण." त्यांनी विश्वास ठेवला. वर म्हणाले, हा जुना डबा घेऊन जावा, आमाला काय उपेग?

तो डबा उद्यमबागेतल्या माझ्या शेडमध्ये फळीवर आहे. कधीमधी, पोरं जेवायला गेली की, मी त्याला २४ व्होल्ट देतो, दोन्ही टोकांना रेझिस्टर लावतो आणि लॅपटॉप जोडतो. अजून बोलतो. इंजिनाचे फेरे शून्य, पाण्याचं तापमान अमुक, असं न चुकता सांगत राहतो. निपाणीचा नंबर माझ्याकडे आहे.