वेगळे पातेले

आमच्या नानांनी वयाच्या बाहत्तराव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि लातूरच्या आमच्या घरातला रविवार एकाएकी बेचव झाला. आईला जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. ती स्वतः माळकरी. पण नानांसाठी तीस वर्षे दर रविवारी तिने मटण शिजवले, परसातल्या चुलीवर. मीठ चाखायला मला हाक मारायची. (मराठीचा प्राध्यापक होण्यापूर्वी घरात माझी ख्याती ती एवढीच!) तिच्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी नाना कुणाला काही न बोलता माळ घालून आले.

इथवर ठीक होते. पुढे नाना न्हाणीघरात घसरले, मनगट मोडले, आणि डॉक्टरांनी प्रथिने वाढवायला सांगितली. अंडे वर्ज्य, दूध पचत नाही, आणि नुसते वरण माणूस पिणार तरी किती? मी नांदेडला कॉलेजात. दर शनिवारी लोहा, अहमदपूर, चाकूर करीत एस.टी.ने लातूर गाठायचा आणि बरोबर एक नवा पर्याय न्यायचा, असा माझा क्रम सुरू झाला.

पहिला मान सुरणाचा. आमच्या कॉलेजातल्या एक कोकणातल्या बाई म्हणाल्या, श्रावणात आमच्याकडे सुरणाचे किंवा कच्च्या केळ्याचे काप करतात. तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तळायचे, थेट माशासारखे. आधी चिंचेच्या पाण्यात ठेवायला त्यांनी बजावले होते. मी नेमके तेच विसरलो. त्या रात्री आम्हां बापलेकांचे घसे असे खवखवले की सोमवारचे दोन्ही तास मी खुणांनी घेतले. शिवाय सुरणात प्रथिने नावालाच, हे मला मागाहून कळले.

मग सोयाबीन. ते आम्हांला परके नाही. दर खरिपात आमच्या रानात तेच उभे असते आणि काढणी झाली की पोती लातूरच्या आडतीत जातात. पण इतक्या वर्षांत त्यातला एक दाणा आमच्या चुलीवर चढला नव्हता! दाण्याचे तेल निघते, पेंड उरते, आणि ती बरीचशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. म्हणजे कोंबडी खाणारा गृहस्थ एका अर्थी सोयाबीनच खात असतो, मध्ये फक्त एक दलाल असतो. तेच तेल काढलेले पीठ ओले करून उष्णता आणि दाब देऊन यंत्रातून काढले, की फुगते आणि त्याला मांसासारखे धागे सुटतात. ही युक्ती १९६०च्या दशकात अमेरिकेत निघाली. चीनमधल्या बौद्ध मठांत त्याच्या किती तरी आधीपासून कणीक धुऊन उरलेल्या चिवट गोळ्याचे 'मांस' करीत आले आहेत. कोरड्या वड्यांत निम्मी प्रथिने असतात. पण पाकिटावरचा आकडा वाचून हुरळू नये. भिजल्यावर त्यांचे वजन अडीच-तीन पट होते. तरीही वाटीभर वड्या मटणाच्या फारशा मागे राहत नाहीत.

वड्या गरम पाण्यात भिजवल्या, उग्र वास जावा म्हणून दोनदा पिळल्या. कांदा-खोबरे भाजले. आईच्या हातच्या काळ्या मसाल्याची शेवटची बरणी उघडली. तर्री अशी आली, की शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारले, "नानांनी माळ काढली की काय?"

नानांनी एक घास घेतला. दुसरा घेतला नाही.

"हुबेहूब झालंय," ते म्हणाले. "म्हणूनच नको. तेच सोंग घेऊन परत ताटात आलं, तर मी सोडलं काय?"

मी हिंसा-अहिंसेवर बरेच बोललो. "ते तुझ्या पोरांना सांग वर्गात," म्हणून त्यांनी ताट सारले. मला रागच आला. शनिवारमागून शनिवार मी काय यासाठी खर्ची घातले होते? तो दोष त्यांचा नव्हता, हे आज कळते.

हात धुऊन येता येता नाना थांबले. "तुझी आई रविवारी काय खायची रे?"

मला उत्तर आले नाही. आत स्वयंपाकघरात एक लहानसे पातेले असायचे, झाकलेले. आम्ही सारे परसात. ते झाकण कधी कुणी उचलून पाहिलेच नव्हते.

अहमदपूरला मावशीला फोन केला. "पाटवड्या की," ती म्हणाली. "त्याच मसाल्याचा रस्सा वेगळा काढायची. तुम्हांला एवढं पण माहीत नव्हतं?" मग तिने कृती सांगितली : फोडणीच्या पाण्यात बेसन घोटून शिजवायचे, ताटात थापायचे, वड्या पाडायच्या, आणि ताटावर बसताना रश्श्यात सोडायच्या, आधी सोडल्या की विरघळतात. पुण्या-नगरकडे याच बेसनात तीळ-खोबऱ्याचे सारण भरून मासवडी करतात. नाव माशाचे, आत मासा नाही. आईच्या वडीला असे कुठलेच सोंग नव्हते.

पुढच्या रविवारी केल्या. माझ्या वड्या वाकड्यातिकड्या झाल्या. नाना भाकरी कुस्करून निवांत जेवले. रस्सा दोनदा घेतला.

"चांगलं लागतं की हे," ते म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, ताटाकडे पाहत, "कधी बोलली नाही."