पुस्तकातला 'तुम्ही'

माझ्या कपाटात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे. पाठीला चिकटपट्टी लावलेली, मधली काही पाने सुटलेली. तुर्कस्तानात फिरणाऱ्यांसाठी लिहिलेले हे पुस्तक मी मुंबईत फोर्टच्या फुटपाथवरून ऐंशी रुपयांना घेतले होते. मे 2005 मध्ये मी आणि माझी बायको त्याच्याच भरवशावर इस्तंबूलला गेलो.

आमच्या कोकणातल्या मोहल्ल्यात परदेश म्हणजे एक तर आखातातली नोकरी, नाही तर हज-उमरा. दोन्हीकडे नेणारा कोणीतरी असतो, एजंट किंवा मुअल्लिम. कोणी न नेता, नुसते पाहायला म्हणून आम्ही निघालोय हे लोकांना पटेना. "तिथं तुमचं कोण आहे?" असे जो तो विचारी. मी पुस्तक दाखवायचो.

पहिल्याच दिवशी पुस्तकाने फजिती केली. त्यात चहाची किंमत पाच लाख लिरा दिलेली. चहावाल्याने मात्र सुटी नाणी मागितली. 1 जानेवारी 2005 पासून तुर्कस्तानने आपल्या चलनातली सहा शून्ये काढून टाकली होती. जुने दहा लाख म्हणजे नवा एक लिरा. पुस्तक त्याआधी छापलेले. जुन्या नोटा वर्षअखेरपर्यंत चालणार होत्या, त्यामुळे खिशात दोन्ही. प्रत्येक किंमत मी मनात लाखांवरून खाली आणायचो आणि बायको म्हणायची, "करोडपती होऊन आलो आणि संध्याकाळपर्यंत भिकारी झालो."

तरी पुस्तकाचे उपकार नाकारता येणार नाहीत. आयासोफिया तेव्हा संग्रहालय होते आणि सोमवारी बंद असे. तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद. हे आधी कळले म्हणून दोन दिवस वाचले. सुलेमानिया मशीद मिमार सिनानने 1550 ते 1557 या काळात बांधली हेही मला तिथेच समजले. रुस्तम पाशाची मशीद बाजारातल्या दुकानांच्या वर आहे आणि तिचा अरुंद जिना सहज दिसत नाही. पुस्तक नसते तर इझनिकच्या त्या निळ्या फरशांखालून आम्ही बाजार करून परत आलो असतो.

पण दोन-तीन दिवसांनी मला एक गोष्ट खटकायला लागली. पुस्तक सारखे 'तुम्ही' म्हणायचे. तुम्ही इथे उतरा, तुम्ही हे खा. मशिदींच्या प्रकरणात लिहिले होते की तुम्ही नमाजाच्या वेळा टाळा. मी ते वाक्य दोनदा वाचले. मला तर त्याच वेळा हव्या होत्या! वजूखाना कुठे, बायकांची जागा कुठल्या बाजूला, जुम्म्याला किती आधी पोहोचावे, यातले एक अक्षर नाही. लिहिणाऱ्याने लबाडी केली असे मी म्हणणार नाही. त्याच्या डोळ्यांसमोरचा वाचक वेगळा होता, इतकेच. त्या 'तुम्ही'त आम्ही दोघे नव्हतो.

म्हणून एका संध्याकाळी पुस्तक बंद करून आम्ही एमिनोन्यूच्या येनी जामीत मगरिबला गेलो. 'येनी' म्हणजे नवी, पण ही नवी मशीद सतराव्या शतकात पुरी झालेली. बायको मागे बायकांच्या भागात गेली. मी बूट पिशवीत घालून पुढे सफेत उभा राहिलो. इमामसाहेबांची फातेहा संपली आणि मी घरच्या सवयीने मोठ्याने "आमीन" म्हणालो.

पूर्ण मशिदीत माझा एकट्याचा आवाज. आम्ही कोकणी शाफई, तिथले बहुतेक लोक हनफी. ते आमीन मनात म्हणतात. मला घाम फुटला. सलाम फिरवल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याने विचारले, "शाफी?" मी मान हलवली. "कुर्द?" तुर्कस्तानातले बरेच कुर्द शाफई आहेत. मी म्हणालो, "हिंदिस्तान." त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि काहीबाही बोलत मला त्याच्या दाराने बाहेर नेले.

तिथेच घोटाळा झाला. आत शिरलो त्या दारापाशी भेटायचे असे आमचे ठरले होते. म्हातारा गेला, अंधार पडला आणि मी भलत्याच बाजूला उभा. बायकोकडे ना पैसे, ना हॉटेलचा पत्ता. पत्त्याचे कार्ड पुस्तकात, पुस्तक माझ्या पिशवीत. दिव्याखाली नकाशा उघडला. नकाशात मशीद म्हणजे एक राखाडी चौकोन. चौकोनाला दार नव्हते. मी दोन फेऱ्या मारल्या, बाजाराच्या तोंडाशी गेलो, होड्यांच्या धक्क्यापर्यंत जाऊन आलो. बायको कुठेच नाही. आपण हिला कुठे आणून सोडली, या विचाराने पाय लटपटत होते.

जवळजवळ तासाने मशिदीचा एक खादिम "हिंदिस्तान? हिंदिस्तान?" करत माझ्यापाशी आला. बायको आत होती. ती दारात एकटी उभी राहिलेली पाहून दोन बायकांनी तिला परत आत नेऊन बसवले होते. तिच्या मांडीवर अर्धा खाल्लेला तिळाचा सिमित. तिला तुर्की येत नव्हते, पण "मुसाफिर" एवढे म्हणाली होती. तुर्कीत मिसाफिर म्हणजे पाहुणा. पाहुणीला कोणी एकटी सोडत नाही. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तुम्ही पुस्तकात शोधत होता ना?"

दुसऱ्या दिवशी पुस्तक तिने आपल्याकडे घेतले. एयूप सुलतानला जायचे तिनेच ठरवले. हिजरतीनंतर मदिनेत रसूलुल्लाह ज्यांच्या घरी उतरले, ते हजरत अबू अय्यूब अन्सारी तिथे दफन आहेत. उंटीण त्यांच्या दाराशी बसली, ही गोष्ट लहानपणी अम्मीने आम्हाला कितीदा सांगितली होती. पुस्तकात त्यांच्यासाठी चार ओळी आणि वरच्या टेकडीवरल्या कॉफीगृहासाठी दहा. मजारीपाशी सुंता व्हायची असलेली मुले पांढऱ्या पोशाखात, झगा पांघरून मिरवत होती. आम्ही फातेहा पढली. बाहेर बाकावर बसून बायकोने त्या चार ओळींच्या बाजूला पेन्सिलीने मराठीत लिहायला सुरुवात केली, ती परत येईपर्यंत लिहीतच होती.

मध्यंतरी पुतण्या इस्तंबूलला निघाला, म्हणून ते पुस्तक काढले. तो हसला. "चाचा, यातलं काय उरलंय?" खरेच होते. आम्ही उतरलो तो अतातुर्क विमानतळ 2019 मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला. आयासोफिया 2020 च्या जुलैपासून पुन्हा मशीद आहे. किमती तर विचारूच नका. त्याच्या फोनमध्ये सगळे नकाशे होते.

पाने चाळता चाळता तो येनी जामीपाशी थांबला. त्या राखाडी चौकोनावर बायकोने पेन्सिलीने दारे काढली आहेत, बायकांच्या जागेला फुली मारली आहे आणि खाली लिहिले आहे: "दारं बरीच आहेत. कुठलं ते आधी नीट ठरवा. आमीन हळू म्हणा."

त्याने फोन काढून त्या पानाचा फोटो घेतला.