सोन्याला घेऊन विमानानेच या

मल्लेश्वरम, बंगळुरू

प्रिय वहिनी,

दादाचा फोन येऊन गेला. इकडे यायची तिकिटं रद्द करायचं तुझ्या मनात आहे, असं तो म्हणाला. डॉक्टरांनी सोन्याच्या शेंगदाण्याच्या ॲलर्जीवर शिक्कामोर्तब केल्यापासून तुला झोप नाही, हेही बोलला. फोनवर या गोष्टी धड होत नाहीत, तुझा गळा भरून येतो, मग माझाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. आमच्या लेकीला हीच ॲलर्जी आहे आणि तिला घेऊन आम्ही लहानपणापासून विमानाने जा-ये करतोय, तेव्हा यातलं काही ऐकीव नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही या, आणि विमानानेच या. सोन्यासाठी विमानापेक्षा लग्नाचा हॉल कितीतरी धोक्याचा आहे. विमानात तो दीड तास पट्टा बांधून तुझ्या शेजारी बसतो आणि तुझ्या डब्यातलं खातो. लग्नात कुठली मावशी कोशिंबिरीचा घास भरवून गेली, कुणी खिशातली चिक्की हातावर ठेवली, याचा पत्ता तुला लागत नाही. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं? खिचडीत आहे, भरल्या वांग्यात आहे, काकडीत आहे, उपासाला तर सगळ्यातच आहे. तरीही तू अशा घरात सोन्याला सांभाळते आहेस. मग विमानाने तुला का घाबरवावं?

तुझी भीती मला ठाऊक आहे. मागच्या रांगेत कुणी खारे दाणे उघडले तर हवेतून याच्या नाकात जाईल, हीच ना? मीही हे पुष्कळ वाचलं, डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं. जेट विमानातली हवा छतातून येते, जमिनीलगत बाहेर ओढली जाते आणि हेपा गाळणीतून फिरून येते. तासाला वीस-तीस वेळा ती बदलते. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणासाठी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे डॉ. पॉल टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्याने आजवरचे सगळे पुरावे तपासले. दाण्याचे कण विमानाच्या हवेतून पसरून मुलांना गंभीर त्रास होतो, याला त्यांना आधार सापडला नाही. उलट अन्नाच्या ॲलर्जीचे प्रसंग विमानात जमिनीपेक्षा दहा ते शंभर पटींनी कमी घडतात असं दिसलं. त्याचं एक कारण उघड आहे, अशी माणसं प्रवासात जपून खातात.

खरी काळजी घ्यायची ती पृष्ठभागांची. तुमच्या आधी त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने दाणे खाल्लेले असू शकतात आणि ते बोट ट्रेवर, खुर्चीच्या हातांवर, पट्ट्याच्या बकलावर, खिडकीच्या झडपेवर लागलेलं असतं. लहान मूल तेच चाचपतं आणि बोट तोंडात घालतं. म्हणून बसल्याबरोबर ओल्या वाइप्सने हे सगळं पूस, ट्रेची खालची बाजूसुद्धा. हातांना सॅनिटायझर लावून भागत नाही. त्याने जंतू मरतात, दाण्याचं प्रथिन हातावर तसंच राहतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी २००४ साली हे तपासून दाखवलं होतं. साबण-पाणी किंवा वाइप्स, दोनच उपाय. सोन्याला खिडकीशी बसव, मध्ये तू. शक्य तर पहाटेचं विमान घ्या, रात्रीच्या सफाईनंतर त्यात बहुधा अजून कुणी बसलेलं नसतं.

विमानात मिळणारं काहीही त्याला देऊ नकोस, फुकट मिळालं तरी. एकही कंपनी आपलं विमान दाण्यांपासून मुक्त असल्याची हमी देत नाही आणि तशी हमी मागण्यात अर्थही नाही. घरच्या दशम्या, थालीपीठ, केळी, मुरमुरे असं भरपूर घे, विमानाला चार तास उशीर झाला तरी पुरेल इतकं. कुटाच्या जागी तू आता खोबरं वापरतेस असं दादा म्हणाला, फार छान. पण सुक्या खोबऱ्याची वाटी बरोबर घेऊ नकोस, ते पटकन पेट घेतं म्हणून सुरक्षा तपासणीत काढून ठेवतात.

विमानतळावरच्या दुकानातलं सँडविच तर नकोच. नताशा एडनान-लापेरूझ या मुलीबद्दल तुला सांगितलंच पाहिजे. ती पंधरा वर्षांची होती आणि तिला तिळाची ॲलर्जी होती. १७ जुलै २०१६ रोजी वडील आणि मैत्रिणीबरोबर लंडनहून नीसला निघाली. हीथ्रो विमानतळावर तिने एक बागेट घेतला. वेष्टनावर तिळाचं नाव नव्हतं, कारण तीळ पिठातच मळलेले होते आणि दुकानातच बनवलेल्या पदार्थावर घटक छापायची तेव्हा सक्ती नव्हती. विमान हवेत असताना तिची तब्येत ढासळली. वडिलांनी ॲड्रेनलिनची दोन इंजेक्शनं दिली, तरी ती वाचली नाही. तिच्या आई-वडिलांनी मग लढा दिला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये असल्या प्रत्येक पाकिटावर घटकांची पूर्ण यादी बंधनकारक झाली. त्या कायद्याला नताशाचंच नाव मिळालं. आपल्याकडे २०२० च्या लेबलच्या नियमांत शेंगदाण्याचा उल्लेख ठळकपणे करावा लागतो, पण त्या यादीत तीळ नाही. ज्या देशात संक्रांत होते तिथे हे असावं याचं मला फार वाईट वाटतं. पाकिटावरची बारीक अक्षरं दरवेळी वाच, कालच घेतलेल्या बिस्किटाचीसुद्धा. ज्यावर लेबल नाही ते विकत घेऊच नकोस.

आता इंजेक्शनाबद्दल. पत्रातलं बाकी काही विसरलीस तरी एवढं विसरू नकोस.

परदेशात ॲड्रेनलिनचं पेनासारखं इंजेक्शन मिळतं, मांडीवर दाबलं की काम झालं. आपल्याकडे ते औषधांच्या दुकानात सहज मिळत नाही. ज्यांचं कुणी बाहेर आहे ते मागवून घेतात, महाग पडतं आणि मुदत लवकर संपते. मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर कुपी आणि सिरिंज, आम्हीही तेच बाळगतो. करंगळीएवढी काचेची कुपी असते, आत एक मिलिलिटर औषध, दिसायला पाण्यासारखं. कुपीच्या मानेवर एक रंगीत ठिपका असतो. तो आपल्याकडे करायचा, कुपीला रुमाल गुंडाळायचा, अंगठा ठिपक्यावर ठेवून मान पलीकडे मोडायची. मग एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ठरलेली मात्रा ओढायची. वजनाच्या दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम असा हिशेब आहे, म्हणजे सोळा किलोच्या मुलाला ०.१६ मिलिग्रॅम, या कुपीतलं ०.१६ मिलिलिटर. तुझ्या डॉक्टरांकडून सोन्याची मात्रा लिहून घे आणि सिरिंजवर त्या रेघेशी कायम शाईची खूण करून ठेव. मधुमेहाची सिरिंज वापरू नकोस, तिची सुई आखूड असते, औषध स्नायूपर्यंत पोचत नाही आणि खुणाही युनिटच्या असतात. सुई मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, सरळ आत. चड्डी काढत बसायची गरज नाही. हे सगळं मोसंबीवर करून बघ, दादालाही करायला लाव. हात थरथरत असतानाही जमलं पाहिजे इतक्या वेळा.

आणि द्यायचं कधी? आपल्याकडे सगळं इथेच चुकतं. अंगावर गांधी उठल्या की लोक म्हणतात पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा. कुणी ॲव्हिलची गोळी देतं आणि वाट बघत बसतं. त्या गोळीने खाज कमी होते, पण बंद होत चाललेला श्वास उघडत नाही आणि उतरलेला रक्तदाब चढत नाही. ते काम फक्त ॲड्रेनलिन करतं. अंगावर गांधी आणि बरोबरीने उलट्या, खोकला, घरघर, घोगरा आवाज, गळून जाणं यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही. दाणा पोटात गेल्याचं माहीत असेल आणि नुसता श्वास किंवा आवाज बिघडला, तरीही थांबायचं नाही. गरज नसताना दिलं तर थोडा वेळ छातीत धडधड होईल, हात कापतील. उशिरा दिलं तर मूल हातचं जाऊ शकतं. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी मात्रा. म्हणून कुप्या दोनच नकोत, तीन-चार ठेव.

विमानात असं झालं तर त्याला आडवा झोपव, पाय उंच कर. श्वास फारच लागला असेल तर पाय पसरून बसव, पण उभा करू नकोस. एकदम उभं केल्याने अशा मुलांचा रक्तदाब कोसळतो. विमान उतरल्यावरही चालवत नेऊ नकोस, कर्मचाऱ्यांना सांगितलंस की वैमानिक आधीच कळवतो आणि रुग्णवाहिका विमानाशी येते. बरं वाटलं तरी इस्पितळात काही तास राहायचं, त्रास पुन्हा उलटू शकतो.

औषधाची पिशवी तुझ्या कमरेला हवी. वरच्या कप्प्यात नको, चेक-इनच्या बॅगेत तर मुळीच नको. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घे, तिच्यात मुलाचं नाव, निदान, औषधाचं नाव आणि सिरिंजची संख्या हवी. कुप्या मूळ खोक्यातच ठेव. तपासणीला सीआयएसएफच्या जवानाला पिशवी आपणहून उघडून दाखव. चिठ्ठी पाहिल्यावर आम्हाला कधी कुणी अडवलेलं नाही.

शेजारच्यांना सांगायला तू संकोचशील, तुझा स्वभावच तसा आहे. सांग. आपल्याकडे लोकांना ही गोष्ट ठाऊकच नाही, कारण ती खरोखर विरळा आहे. म्हैसूरच्या डॉ. पी. ए. महेश यांनी बंगळुरू-म्हैसूर भागातल्या प्रौढांची मोठी पाहणी केली, ती २०१६ साली छापून आली. रक्ताच्या तपासणीत चौघांतल्या एकाला कुठल्या ना कुठल्या अन्नाची संवेदनशीलता दिसली, पण खरी ॲलर्जी असण्याचा संभव जेमतेम १.२ टक्के लोकांत होता. म्हणून कुणी सहज म्हणतं, मलाही वांग्याची ॲलर्जी आहे, आणि पुडी फोडतं. त्यात दुष्टावा नसतो. "माझ्या मुलाला दाण्याने श्वास बंद होतो, दीड तास पुडी उघडू नका" असं साध्या शब्दांत सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. एखादा नाहीच ऐकला तर जागा बदलून माग, भांडू नकोस.

इथली काळजी माझ्यावर सोड. बंगळुरू दाण्यांचंच गाव आहे. कार्तिकाच्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकायी परिशे भरते, रस्ताभर भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. बेकरीत मसाल्याचे काँग्रेस दाणे, चित्रान्नात दाणे, पुळियोगरेत दाणे. तुम्ही मेमध्ये येताय, तेव्हा परिशे नाही आणि आमच्या घरात तर दाणा कधीच येत नाही. बाहेर खायचं झालं तर इडली-डोसा, तोही ओळखीच्या ठिकाणी आणि चटणीशिवाय. विमानतळ देवनहळ्ळीला आहे, घरापासून बराच लांब. आम्ही गाडी घेऊन येऊ, गाडीतल्या सीटाही पुसलेल्या असतील.

राहता राहिली आई. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं" हे ती तुला म्हणाली, दादाने सांगितलं. तुझ्या जागी मी असते तर मलाही लागलं असतं. ती सोन्यावर जीव टाकते, पण दाण्याने मूल जाऊ शकतं हे तिने आयुष्यात पाहिलेलं नाही. सासूला हे समजावणं सुनेचं काम नव्हे, मी लेक आहे, मी बोलते. कुटाचा डबा तुमच्या घरातून कायमचा जायला हवा, हेही मीच सांगेन. तिला बरोबर घेऊन या. इंजेक्शन कसं द्यायचं ते मी तिला इथे शिकवणार आहे. दिवसभर सोन्या तिच्याजवळच असतो, तेव्हा ते तिला आलंच पाहिजे.

डॉक्टरांची चिठ्ठी याच आठवड्यात घे.

तुझी,
सोन्याची आत्या