न्यू मोतीबागेतले वस्ताद

गणपतराव आंदळकरांना आठवायचं तर गदेकडे नव्हे, कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीतल्या हौद्याकडे पाहावं, असं माझं ठाम मत आहे. १९६० चे हिंदकेसरी, अर्जुन पुरस्काराचे मानकरी, १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधले मल्ल. १६ सप्टेंबर २०१८ रोजी ते गेले, तेव्हा सांगितली गेली ती ही यादी खरीच होती. पण तिच्यात त्यांच्या कुस्तीची वर्षं मावतात, वस्ताद म्हणून मातीत गेलेली त्याहून कितीतरी जास्त वर्षं मावत नाहीत. ताक, तेल, हळद मुरवलेली तांबडी माती, मारुतीपुढची उदबत्ती, ओल्या लंगोटांचा दमट वास आणि उजाडायच्या आधीच जोर-बैठकांच्या लयीत चाललेले श्वास, हीच तिथली शाळा. फळा-वही तिथे कामाची नाही. ढाक कधी टाकायची, पट काढताना मान कुठे ठेवायची, हे अंगाला अंग भिडल्याशिवाय पोराला उमगत नाही. म्हणून वस्तादाला आपलं बळ आवरावं लागतं, पोराचा डाव बसेल एवढी सवड द्यावी लागते. पाठीला माती लागू द्यायची नाही, या एकाच ध्यासावर ज्याचं शरीर घडलं, त्याने समोरच्याला अशी सवड द्यायची, हे हिंदकेसरी होण्याइतकंच अवघड मानायला हवं.

यावर कुणी म्हणेल, ही मातीची माया झाली. पदकं मॅटवर मिळतात, तिथे गुण मोजले जातात, आणि चीतपट होईपर्यंत चालणाऱ्या मैदानी कुस्तीत मुरलेला मल्ल तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत मागे पडतो. आक्षेपात तथ्य आहे. मॅटकडे वळायला आपण उशीर केला, हे कबूल करावंच लागेल. पण माती माणसाला जखडून ठेवते, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत गणपतरावांनी सुवर्णपदक मिळवलं ते ग्रीको-रोमन प्रकारात. तिथे कमरेखाली हात लावता येत नाही आणि पायाचा डावही चालत नाही. म्हणजे पट गेला, टांग गेली, तालमीतली अर्धी विद्या नियमानेच बाद. शिराळ्याकडच्या पुनवतचा हा मल्ल उरलेल्या अर्ध्या विद्येवर आशियात पहिला आला. तोल, पकड आणि समोरच्याचं वजन अंगाने ओळखणं मातीत पक्कं झालं की नियम बदलले तरी सुटत नाही, असं मी यावरून समजतो.

दुसरा प्रश्न श्रेयाचा. त्यांचे शिष्य दादू चौगुले यांनी १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं. ते मनगट दादूंचं, घामही त्यांचाच. मग वस्तादाकडे काय उरतं? कोल्हापूरच्या कुस्तीशौकिनांनी याचा हिशेब आधीच केलेला आहे. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात जोड लागते तेव्हा मल्लाच्या नावापाठोपाठ गाव, तालीम आणि ‘अमक्या वस्तादांचा पठ्ठा’ असा पुकारा होतो. हरणाऱ्याच्या बाबतीतही होतो. पुरस्कारांच्या यादीत त्या हरलेल्या पोरांना जागा नसते, आणि गणपतरावांच्या हौद्यात घाम गाळून पुढे शेताकडे किंवा नोकरीकडे गेलेली मुलं तर पदकवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त असणार.