स्फटिकातला पाहुणा

पाहुणा आला की गादी घालायची, आमटीत पाणी वाढवायचे. तो गेला की घर पुन्हा होते तसे, अशी आपली समजूत असते. पण तीस वर्षे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्यावर माझा या समजुतीवर फारसा विश्वास उरलेला नाही.

मोरचुदाचेच पाहा ना. त्याचा निळाशार खडा हाताला अगदी कोरडा लागतो. पण त्याच्या वजनात शंभरात ३६ भाग पाणी असते! द्रावणातून स्फटिक तयार होताना पाण्याचे रेणू त्यात बिऱ्हाड करतात. खडा तापवून त्यांना हुसकले, की निळा रंग जातो आणि हाती पांढरी भुकटी उरते.

रंगाचे एक वेळ कळते; पण पाहुण्याने चुंबकत्वही बदलावे? १९६७ साली रेनोविच आणि बेकर या रसायनशास्त्रज्ञांनी लोखंडाच्या एका संयुगाचे वर्तन प्रसिद्ध केले. त्यात लोखंडाभोवती पिकोलिलअमाइनचे तीन रेणू असतात आणि जवळ क्लोराइड. हा स्फटिक चुंबकाकडे ओढला जातो, कारण लोखंडातले चार इलेक्ट्रॉन एकेकटे असतात. कडाक्याच्या थंडीत ते जोड्या जमवतात आणि ती ओढच संपते.

पुढे १९७० च्या दशकात जर्मनीतल्या फिलिप ग्यूटलिश यांनी सहकाऱ्यांसह या स्फटिकात राहिलेला द्रावकच बदलून पाहिला. इथेनॉल असेल, तर शून्याखाली सुमारे १५० अंशांवर हा बदल झपाट्याने होतो. मिथेनॉल असेल, तर तोच बदल रेंगाळत, हळूहळू. आणि पाण्याचे दोन रेणू असतील, तर नेहमीच्या तापमानालाही इलेक्ट्रॉन जोडीनेच!

इथेनॉल-मिथेनॉलमध्ये फरक तो किती? एक कार्बन आणि दोन हायड्रोजन. त्यांना स्वतःला चुंबकाची ओढ नाही, आणि लोखंडाला ती चिकटतही नाहीत. ती फक्त क्लोराइडचा हात धरतात. क्लोराइडने पिकोलिलअमाइनचा धरलेला असतो. या साखळीतून एका लोखंडाची खबर दुसऱ्याला पोहोचते.

हे मला आठवायला कारण झाली माझी आत्या. वय ८२. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती श्रावणात आमच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये आली. डोळा बरा झाला, तशी तिला गावी पाठवण्याची भाषा सुरू झाली. तिथले घर रिकामे. पण इथे जागा कुठे आहे? मुलगा म्हणाला, “बाबा, ती असून नसून सारखीच. कोपऱ्यात तर बसलेली असते.”

मी त्या कोपऱ्याकडे नीट पाहू लागलो. ऑफिसातून आल्यावर सून आता उभ्याने चहा पीत नाही. आत्याजवळ बसून पिते. मोबाइल समोर असल्याशिवाय न जेवणारा नातू तिच्यासोबत मटार सोलता सोलता निम्मे फस्त करतो. तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे म्हणून मुलगा रोज अर्धा तास बसतो, आणि वीजबिलाखेरीज विषय नसलेले आम्ही बापलेक बातम्यांवरून चक्क वाद घालतो. आत्या स्वतः मात्र कुणाला काही सांगत नाही.

दसऱ्यानंतर तिने पिशवी भरायला घेतली. सून म्हणाली, “आत्याआजी, एवढ्यात कशाला? दिवाळीनंतरही राहा.” मुलगा काही बोलला नाही. त्याने कपाटातला आपला एक खण रिकामा करून दिला.