सियांगचा उतार

बदलीवर गुवाहाटीला आले त्याला नऊ वर्षं झाली. ऑफिसला जाता-येता ब्रह्मपुत्र दिसतो. मराठीत आपण ‘ब्रह्मपुत्रा’ म्हणतो आणि तिला बाकीच्या नद्यांच्या रांगेत बसवतो. इथे तो नद आहे, पुरुष, आणि मलाही आता तसंच म्हणायची सवय झाली आहे. पासीघाटच्या खाली सियांग, दिबांग आणि लोहित एकत्र येतात आणि हा नद तयार होतो. तिघींत मोठी सियांग. अरुणाचलातले आदी लोक तिला ‘आने सियांग’ म्हणतात. आने म्हणजे आई. त्याहून वर, तिबेटात, तीच यारलुंग त्सांगपो. शहराच्या कडेनं वाळूची बेटं अंगावर घेऊन सुस्त पडलेलं हे पाणी वर कसं असेल, हे पाहायची इच्छा मला फार दिवस होती. गेल्या डिसेंबरात, पन्नाशी ओलांडल्यावर, जमलं.

दिब्रुगडहून बोगीबील पुलावरून पासीघाट, तिथून यिंगकियोंग आणि मग चीनच्या सीमेजवळचं तूतिंग. गाडीनं वर जायचं आणि नदीतून खाली यायचं. आम्ही नऊ जण, दोन राफ्ट आणि सोबत एक सेफ्टी कायाक. आमच्या राफ्टची गाइड गढवालची, वयानं माझ्या निम्मी. काठावर ती मला दीदी म्हणायची. पाण्यात मात्र दीदी वगैरे काही नाही. ‘फॉरवर्ड’ म्हणजे फॉरवर्ड, आणि ते तिसऱ्यांदा सांगावं लागलं तर तिचा आवाज बदलायचा.

हिवाळ्यात सियांग हिरवी असते, बाटलीच्या काचेसारखी. पावसाळ्यातल्या पाण्याची खूण कातळावर डोक्याच्या कितीतरी वर दिसत राहते, त्या खुणेखालून आपण जात असतो. दोन्ही बाजूंना जंगल थेट पाण्यापर्यंत उतरलेलं. मधूनच कुठे पांढऱ्या वाळूचा पट्टा, तिथे मुक्काम. पाणी इतकं मोठं की लांबून खळाळ दिसतच नाही, नुसता ऐकू येतो. पुढे नदी एका रेषेवर संपल्यासारखी वाटते, आणि त्या रेषेपलीकडून मधूनच पांढरा शिंतोडा वर उडतो. अशा जागी गाइड राफ्ट काठाला लावायची आणि आम्ही दगडांवरून चालत जाऊन पुढचं पाणी बघून यायचो.

हे बघणं म्हणजे वाचणंच. तिनं शिकवलं ते असं: दोन खडकांमधून पाणी जातं तिथे पृष्ठभागावर काळपट, गुळगुळीत असा इंग्रजी व्ही दिसतो, टोक खालच्या बाजूला. ती वाट. टोक आपल्याकडे असेल तर त्या टोकाखाली खडक बसलेला आहे. खडकावरून पाणी कोसळून मागे वळतं आणि जागच्या जागी फिरत राहतं, त्याला ते ‘होल’ म्हणतात. आपला भोवरा आडवा फिरतो, हा उभा. राफ्ट त्यात अडकली तर सुटायला वेळ लागतो. मोठ्या खडकामागे पाणी उलटं, वरच्या दिशेला वाहतं. ती विश्रांतीची जागा. पण मुख्य धार आणि उलटी धार यांच्यामधली शीव मोडायला सगळ्यांनी एकदम वल्हं मारावं लागतं, नाहीतर नदी राफ्टला गिरकी देऊन परत धारेत ढकलते. वर जे काही दिसतं ते खाली काय आहे त्याचं अक्षर असतं. लाट पाण्याची असली तरी तिची जागा दगडानं ठरवलेली असते. म्हणून पाणी पुढे निघून जातं आणि लाट तिथेच उभी राहते.

ऐकताना मला आई आठवली. तिचं माहेर भीमेकाठचं. नदी कुठून उतरायची, म्हणजे उतार कुठे आहे, हे त्या गावातल्या पोरांनाही पाण्याच्या सुरकुत्यांवरून कळायचं. पाणी चढलं की सुकवलेले भोपळे बांधून सांगड करायची आणि तिच्या आधारानं पलीकडे जायचं. आपण आता परंपरा आणि आधुनिकतेची सांगड घालतो, भाषणात. आईनं खरी सांगड धरून भीमा ओलांडली आहे. राफ्ट म्हणजे शेवटी हवा भरलेले भोपळेच.

तिसऱ्या दिवशी मी पाण्यात पडले. आमची रेघ बरोबर होती. पहिल्या दोन लाटा राफ्टनं समोरून घेतल्या. तिसरी बाजूनं आली, माझ्या कडेचं रबर वर उचललं गेलं आणि मी नदीत. भीती वाटायला थोडा उशीर लागतो, हे एक तिथे कळलं. आधी फक्त हिरवं दिसलं, आणि आवाज एकदम बंद झाला. मग लाइफ जॅकेटनं वर आणलं आणि शिकवलेलं आठवलं: उताणं, पाय खाली धारेकडे, म्हणजे खडक आला तर आधी पाय लागतील. उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही, तळातल्या दगडांत पाय अडकला तर वाहतं पाणी माणसाला तिथेच पालथं घालतं. आणि श्वास लाटेच्या माथ्यावर घ्यायचा नाही, तिथे ती फुटते. खळग्यात घ्यायचा. माणसाला उंचावर गेल्यावर श्वास घ्यावासा वाटतो. इथे खाली गेल्यावर घ्यायचा, हे शरीराला पटवायला चार लाटा गेल्या. पाचव्या लाटेला कायाकवाला शेजारी होता. त्याच्या कायाकची कडी धरली.

वाळूवर बसल्यावर गाइडनं माझ्या हातात चहा दिला आणि विचारलं, ‘दीदी, पानी पिया?’ मी म्हटलं, पुष्कळ. ‘मीठा है ना?’ म्हणाली आणि दोर गुंडाळायला गेली.

चौथा दिवस संथ होता. त्या दिवशी मला किंथुप आठवत राहिला. १८८० साली तिबेटातली त्सांगपो आणि आसामातला ब्रह्मपुत्र एकच का, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मधली घळ कुणी पाहिली नव्हती. भारतीय सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन हार्मननं एका लामाला धाडलं आणि सोबत नोकर म्हणून किंथुपला दिलं. किंथुप मूळ सिक्कीमचा, लिहिता-वाचता न येणारा. लामानं वाटेत त्याला गुलाम म्हणून विकून टाकलं आणि स्वतः निघून गेला. किंथुप निसटला, एका मठात आसरा घेतला, पण घरी पळाला नाही. ठरलेलं काम त्यानं पुरं केलं: ५०० ओंडके तोडले, त्यांवर खुणा केल्या आणि रोज ५० असे दहा दिवस नदीत सोडले. कोणत्या दिवसांत सोडणार ते कळवणारं पत्रही त्यानं दुसऱ्याकडून लिहवून पाठवलं होतं. ते वेळेत पोचलं नाही. खाली कुणी पाहत नव्हतं. चार वर्षांनी तो परतला तेव्हा त्याच्या सांगण्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. १९१३ मध्ये बेली आणि मॉर्सहेड यांनी त्या मुलखात जाऊन पाहिलं तेव्हा त्याचं वर्णन बरंचसं खरं निघालं.

ते ओंडके याच पाण्यातून गेले असणार, याच खडकांवर आपटून. लाइफ जॅकेट नसलेल्या त्या ५०० प्रवाशांचा मला त्या दिवशी फार लळा वाटला.

त्या संध्याकाळी आमचा मुक्काम एका गावाखाली होता. गावातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हाला घरी बोलावलं. बांबूचं घर, मधे चूल, बांबूच्या पेल्यात अपोंग, म्हणजे तांदळाची बिअर. त्यांची भातखाचरं नदीलगत, संत्र्यांची बाग थोडी वर. बोलणं अरुणाचली हिंदीत, जिच्यात लिंग-वचनाची फार काटेकोर भानगड नसते आणि त्यामुळे आपलीही हिंदी सुधारल्यासारखी वाटते. विषय निघाला तो धरणाचा. सियांगवर ११,००० मेगावॉटच्या वरचं धरण बांधायचा बेत आहे. गावोगाव त्याला विरोध आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वेक्षणासाठी निमलष्करी दल आणलं तेव्हा लोक रस्त्यावर आले होते. सरकारचं म्हणणं असं की वर मेदोगला चीननं जुलै २०२५ मध्ये प्रचंड धरणाचं काम सुरू केलंय, तिकडून एकाएकी पाणी सोडलं तर ते अडवायला आपलंही धरण हवं. हे म्हणणं मला हसण्यावारी नेता येत नाही. २००० साली तिबेटात यिगोंग नदीवर दरड कोसळली, तळं साठलं आणि जूनमध्ये फुटलं, तेव्हा सियांगकाठानं काय भोगलं ते त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला आठवत होतं. म्हाताऱ्यांचा पुतण्या धरणाच्या बाजूचा होता. रस्ता येईल, पैसा येईल, म्हणाला. म्हातारे त्याच्याकडे न बघता म्हणाले, ‘पूर आया, चला गया. बाँध नहीं जाएगा.’

मग मला विचारलं, ‘तुम्हारा उधर बाँध है?’

आहे म्हटलं. भीमेवर, उजनी. १९८० साली पुरं झालं. आईचं गाव त्यात गेलं.

‘आदमी लोग किधर गया?’

सांगितलं: पांगले. कुणी नव्या गावठाणात, कुणी पुण्यात. उन्हाळ्यात पाणी आटलं की जुन्या देवळांची शिखरं वर येतात, लोक बघायला जातात. मागच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांचे फोटो काढायला शहरातून गाड्या येतात. आणि मग, तिथे थांबणं सोपं होतं, पण थांबता येईना म्हणून पुढचंही सांगितलं. आईचं सासर धरणाच्या खाली, कालव्याच्या टापूत. माहेर बुडालं त्या पाण्यावर सासरचा ऊस उभा राहिला. त्या उसाच्या बिलातून माझ्या कॉलेजची फी गेली. ती डिग्री नसती तर मी इथे आलेच नसते.

पुतण्या सरसावून बसला. ‘देखा?’

म्हाताऱ्यांनी विचारलं, ‘तो तुम्हारा फायदा हुआ.’

‘हुआ.’

‘और माँ का?’

‘माँ भी उसी घर में है.’

त्यांनी मान हलवली आणि माझा पेला पुन्हा भरला. पुतण्याला माझ्या बोलण्यातून जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि बहुधा त्यांनाही. त्या दोघांपैकी एकाला तरी मी नाराज करायला हवं होतं असं मला वाटत राहिलं. पण सांगितलं ते सगळं खरं होतं आणि त्यातला कुठलाही अर्धा वगळणं म्हणजे एकाच्या बाजूनं खोटी साक्ष दिल्यासारखं झालं असतं.

पुढचे दोन दिवस खळाळ लहान होत गेले. पंगिनजवळ सियोम येऊन मिळाली, पात्र रुंदावलं. प्रत्येक व्हीकडे बघताना मी मनात खालचा दगड मोजत होते. धरण झालं तर हा दगड जागचा हलणार नाही, एवढंच की वर त्याची खूण उमटणार नाही. गाइडला विचारलं, तेव्हा काय करणार? म्हणाली, दुसरी नदी. थोड्या वेळानं म्हणाली, टिहरीच्या वेळीही आमच्याकडची माणसं असंच म्हणाली होती.

पासीघाटला डोंगर एकदम बाजूला होतात आणि नदी सैल पडते. रात्री हॉटेलातून आईला फोन लावला. पाण्यात पडल्याचं सांगितलं नाही. तिनं विचारलं, ‘तिथली माणसं उतरतात कुठून?’

‘उतार नाही गं आई. एवढ्या नदीला कुठला उतार? झुलते पूल आहेत, पूर्वी वेताचे असत, आता तारेचे. आदळत-हिंदकळत जायचं.’

‘पाण्यापासून किती उंच?’

‘असतील आठ-दहा पुरुष. जास्तच.’

ती जरा वेळ हिशेब केल्यासारखी गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आणि धरणाचं पाणी कुठवर येणारे?’