इसावाचा मांडव

सबकेन उरकल्याशिवाय मी कुठंही येणार नाही, असं ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. द्राक्षबागायतदाराच्या घरात सहलीची तारीख छाटणी ठरवते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खरड छाटणी, मग फुटीची विरळणी, सबकेन, शेंडा मारणं. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत जी उसंत मिळते तिच्यात आमचा जपान बसवायचा होता. मुलानं पुण्याच्या एका सहल कंपनीकडे मेअखेरचे नऊ दिवस ठरवून दिले. साकुराचा बहर तोवर सरलेला असतो, त्यामुळं दरही जरा उतरलेला.

आमचं घर बारामतीत, दोन एकर बाग इंदापूर तालुक्यात, बोरीच्या शिवारात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. जपानचा हट्ट माझा, पुलंचं ‘पूर्वरंग’ वाचल्यापासूनचा. शाळेची सहल एकदा पुण्याला पु. ल. देशपांडे उद्यानात नेली होती. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेली ती बाग. ह्यांना वाटायचं, तेवढं बघितलं की जपान झाला. "स्वारगेटला उतरून चालत जाता येतं की," असं म्हणत म्हणतच त्यांनी व्हिसाच्या अर्जावर सही केली.

गटात बत्तीस जण. बारामती, भिगवण, इंदापूरकडची आम्ही अकरा. प्रत्येकीच्या बॅगेत शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि भडंग. ते शहाणपणाचंच ठरलं, कारण तिथं भाजीच्या सुपातसुद्धा माशाच्या पाण्याचा अंश असतो, हे पहिल्याच दुपारी कळलं. आमच्या माळकरी वन्संनी नऊ दिवस दशमी, केळी आणि रात्रीच्या भारतीय जेवणावर काढले. सहल व्यवस्थापक पुण्यातच जपानी शिकलेला पोरगा होता. सगळ्यांना काका-काकू म्हणायचा आणि बसमधून उतरताना घड्याळ दाखवायचा, "काका, चाळीस मिनिटं." नऊ दिवसांत आम्ही जपान चाळीस-चाळीस मिनिटांचा पाहिला.

टोकियोत पहिल्यांदा असाकुसाचं सेन्सोजी. दारात लाल कागदाचा भलामोठा कंदील. इसवी सन 628 मध्ये सुमिदा नदीत दोघा भावांच्या मासेमारीच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती सापडली आणि तिच्यासाठी हे देऊळ झालं, अशी कथा मार्गदर्शक बाईंनी सांगितली. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. भिगवणची मंडळी लगेच पळसदेवाच्या गोष्टीवर घसरली. तिथं नदीतून देव वर आला, आमच्याकडं उजनीच्या पाण्यात पळसनाथाचं देऊळ खाली गेलं. दुष्काळी उन्हाळ्यात धरण तळाला गेलं की ते उघडं पडतं आणि लोक होडीनं, कधी चालतसुद्धा दर्शनाला जातात. मार्गदर्शक बाईंना हे सांगायचं होतं, पण तोवर चाळीस मिनिटं संपली.

तिथं शंभर येन टाकून भविष्य काढतात. पत्र्याचा डबा हलवायचा, काडी निघेल तिचा आकडा बघून तेवढ्या नंबरच्या खणातली चिठ्ठी घ्यायची. ह्यांची चिठ्ठी वाईट निघाली. वाईट निघाली तर घरी न्यायची नाही, तिथल्या तारेला बांधून निघायचं. हे त्यांना फार पटलं. हवामानाच्या अंदाजाचंही असंच करता आलं पाहिजे, म्हणाले.

आधुनिक जपान म्हणून आम्हाला तोयोसूला टीमलॅबचं प्रदर्शन दाखवलं. बूट काढून, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून अंधाऱ्या पाण्यात शिरायचं. पाण्यावर उजेडाचे मासे पोहत असतात, माणसाच्या पायाला लागले की फुटून त्यांची फुलं होतात. मला ते खरंच सुंदर वाटलं. शेजारी हे विजार धरून उभे. हळूच म्हणाले, "अगं, एवढे पैसे देऊन आपण अंधारात दारं धरायला आलोय का?" ज्यानं रात्रीच्या पाळीला नीरा डाव्या कालव्याचं पाणी उसाला दिलंय त्यालाच हा विनोद कळेल. आमच्या अकराही जणांना कळला. आम्ही इतके हसलो की पुढचे लोक वळून बघायला लागले, आणि त्या देशात मोठ्यानं हसणाऱ्याकडं वळून बघितलं गेलं की आपलं आपल्यालाच ओशाळं वाटतं.

शिबुयाचा चौक मला पालखीच्या दिवशीच्या बारामतीसारखा वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. गर्दी तेवढीच, पण तुकोबांच्या पालखीत माणूस माणसाला लागून चालतो. इथं शेकडो माणसं समोरासमोरून येतात आणि कुणाचा कुणाला धक्का लागत नाही. मला ते जरा एकटं वाटलं.

ह्यांचं लक्ष पहिल्यांदा लागलं ते एका मोठ्या दुकानाच्या तळघरात. तिथं सगळी खाण्याची दालनं, आणि एका कोपऱ्यात फळं. दागिन्यांसारखी मांडलेली. एका खोक्यात, मऊ कागदावर, हिरव्या द्राक्षांचा एकच घड. शाइन मस्कट. किंमत आठ हजार येन. त्या आठवड्याच्या भावानं साडेचार हजारांवर रुपये. हे खाली वाकले, चष्मा वर केला आणि मणी मोजायला लागले. काचेला बोट न लावता, नुसत्या नजरेनं. "दिसतात तेवढे चाळीस. म्हणजे मण्याला शंभर रुपये." मग देठ बघितला, हिरवा आहे का. मण्यावरची लव बघितली. "हंगामाआधीचा हाय. काचघरातला असणार." दुकानातली मुलगी लांबून वाकून नमस्कार करत होती, आणि हेही प्रत्येक नमस्काराला वाकत होते. ते संपेना, शेवटी मीच हात धरून ओढलं. त्या रात्री हॉटेलात त्यांनी चारदा विचारलं, "त्यांच्या बागा कुठं असतात गं?"

बागा कुठं असतात ते तिसऱ्या दिवशी आपोआप कळलं. फुजी बघायला कावागुचीच्या सरोवरावर नेलं. फुजी 3,776 मीटर उंच, आणि सबंध ढगात. बत्तीस जणांनी ढगाचे फोटो काढले. रात्रीचा मुक्काम यामानाशी जिल्ह्यात, इसावा नावाच्या गरम झऱ्यांच्या गावी होता. आम्ही पोचलो तेव्हा अंधार पडलेला. गावाची गोष्ट व्यवस्थापकानं बसमध्ये सांगितली: 1961 मध्ये इथं द्राक्षाच्या मळ्यातून गरम पाणी उसळलं आणि शेतकऱ्यांचं गाव हॉटेलांचं झालं. हे झोपेत होते. ‘द्राक्ष’ ऐकताच ताडकन उठून बसले.

तिथल्या सार्वजनिक स्नानगृहाबद्दल फार लिहीत नाही. अंगावर एक सूत न ठेवता चारचौघींत पाण्यात उतरायचं असतं, एवढंच सांगते. आम्ही तिघी रात्री उशिरा, कुणी नाही असं बघून गेलो. पाच मिनिटांत एक जपानी आजी आल्या, आम्हाला बघून मान लववली आणि डोळे मिटून बसल्या. त्यांना आमची जेवढी फिकीर नव्हती तेवढीच मग आम्हालाही उरली नाही.

मेअखेरीस तिथं साडेचारलाच उजाडतं. जाग आली तर शेजारचं अंथरूण रिकामं. खोलीत घालायला दिलेला युकाताही नाही. मी सलवार-कमीज चढवून खाली पळाले. हॉटेलच्या मागं एक गल्ली, गल्लीपलीकडं पाण्याचा छोटा पाट, आणि पाटापलीकडं मांडव. आमच्याकडं आता बहुतेक बागा वाय पद्धतीच्या, पण ह्यांच्या वडिलांच्या काळात होता तसाच, डोक्यावर तारांचं सपाट जाळं आणि त्यावर पसरलेला वेल. खाली हिरवा उजेड. त्या उजेडात आमचे हे निळ्या-पांढऱ्या युकात्यात उभे, आणि समोर एक म्हातारा आणि म्हातारी ह्यांच्याकडं बघून घाबरलेली.

घाबरण्याचं कारण मला नंतर कळलं. युकात्याची डावी बाजू वर यावी लागते. उजवी बाजू वर घेतात ती मेलेल्या माणसाची. पहाटेच्या अंधुक उजेडात द्राक्षाच्या मांडवाखाली एक सावळा, मिशीवाला अनोळखी माणूस प्रेतासारखा कपडा घालून हसत उभा राहिला तर कुणीही दचकेल. म्हाताऱ्यानं हातातला पेला खाली ठेवला, पुढं आला, वाकला, आणि काही न बोलता ह्यांचा पट्टा सोडून दोन्ही पदर उलटे करून नीट बांधून दिले. पोराला शाळेत पाठवताना बांधावा तसा. मग दोघेही हसले.

मी मोबाइलवरचं भाषांतर काढलं. "आम्हीही द्राक्षं पिकवतो," एवढं नीट गेलं. "घड" म्हटल्यावर मोबाइलनं काय सांगितलं देव जाणे, म्हातारी आत जाऊन पाण्यानं भरलेला तांब्यासारखा घडा घेऊन आली. मग ह्यांनी मोबाइल बाजूला ठेवायला सांगितला. खाली ठेवलेला पेला उचलला. प्लॅस्टिकचा उंच पेला, आत गुलाबी पाणी. वास घेतला. वर लोंबणारा बोटभर लांबीचा, नुकता फुललेला घोस त्यात बुडवल्यासारखं केलं, झटकल्यासारखं केलं, आणि विचारलं, "जीए?"

म्हाताऱ्यानं मान हलवली नाही.

"जिबरेलिक?"

"आ! जिबेरेरिन!" म्हातारा ओरडलाच. "जिबेरेरिन, जिबेरेरिन!" आणि ह्यांच्या दंडावर थापा मारायला लागला. म्हातारी तोंडावर हात ठेवून हसत होती. आमचे हे माझ्याकडं वळून म्हणाले, "आपलाच माणूस हाय की गं."

पुढचा पाऊण तास त्यांना भाषा लागली नाही. शाइन मस्कटचा घोस फुलायच्या वेळी वरच्या सगळ्या पाकळ्या खुडून टोकाचा तीन-साडेतीन सेंटिमीटरच भाग ठेवायचा, मग त्यात पेला धरून बुडवायचं, दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. एका काडीला एकच घड. नंतर प्रत्येक घडाला कागदाची पिशवी. बुडवायच्या पाण्यात खाण्याचा लाल रंग घालायचा, म्हणजे कुठला घोस झाला आणि कुठला राहिला ते दिसतं. ह्यावर हे गप्प झाले. आमच्याकडं डीपिंगला बायांची टोळी येते, वीस-पंचवीस जणी, आणि संध्याकाळी ओळीत राहिलेल्या घडांवरून मुकादमिणीशी वाद ठरलेला. तीस वर्षं तो वाद ऐकतेय मी.

जमीन किती, हेही झालं. म्हाताऱ्यानं चार बोटं दाखवली, "तान." मोबाइलनं सांगितलं, एक तान म्हणजे दहा आर. सातबाऱ्यावर हेक्टर-आर वाचण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना काय लागतंय? "चाळीस आर. म्हणजे चाळीस गुंठे, एकरभर." एकराच्या बागेत दोनच माणसं, दोघंही सत्तरीच्या पुढची. मुलं टोकियोत. टोळी नाही, मजूर नाही. म्हातारीनं मला तिचा हात दाखवला. दिवसभर हात वर धरून खांदा दुखतो, हे सांगायला तिला मोबाइल लागला नाही. मी माझा गुडघा दाखवला.

बस सातला निघायची होती. आम्ही सात वाजून वीस मिनिटांनी पोचलो. जपानमध्ये वीस मिनिटं उशीर म्हणजे काय, ते बसमधल्या तीस जणांच्या तोंडावर लिहिलं होतं. चालकानं मात्र खाली उतरून आम्हालाच वाकून नमस्कार केला. ह्यांच्या हातात म्हातारीनं दिलेल्या चार कोऱ्या कागदी पिशव्या आणि अंगावर अजून युकाता. सामान वन्संनी भरून ठेवलं होतं.

रस्त्यात व्यवस्थापकाला मोबाइलवर ‘जिबेरेरिन’ शोधायला लावलं, आणि त्यानं बसच्या ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवलं. जपानात भातावर एक रोग पडायचा. रोप भराभर उंच वाढायचं, लुकडं व्हायचं आणि दाणा भरत नसे. शेतकरी त्याला ‘बाकानाए’ म्हणत, म्हणजे मूर्ख रोप. ही वाढ बुरशीच्या स्रावामुळं होते, हे एइची कुरोसावा यांनी 1926 मध्ये दाखवलं. 1935 मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. सगळी बस ऐकत होती. उसवाल्यांनी फार मनावर घेतलं नाही. ह्यांनी मात्र खिडकीकडं तोंड केलं ते मिशिमा येईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाताच्या रोगानं आपलं घर बांधलंय म्हणायचं."

मिशिमाहून शिंकान्सेन. 1964 पासून धावतेय ही गाडी. थांबते मिनिटभर, म्हणून फलाटावर आमची कवायत घेतली. बारामती आगारात खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना एका मिनिटाचं काय? चाळीस सेकंदांत बत्तीस जण आत. थोड्या वेळानं उजव्या बाजूला फुजी दिसला, स्वच्छ, माथ्यावर बर्फ. सगळे उठून फोटो काढत होते. हे डावीकडच्या खिडकीतून पाणी भरलेल्या खाचरांतलं लावणीचं यंत्र बघत होते.

क्योतोच्या चहाच्या विधीत आधी गोड खायचं, मग वाडगा फिरवून हिरवा कडू चहा. वज्रासनात बसायचं होतं, पण आमचे गुडघे बघून खुर्च्या आल्या. फुशिमी इनारीला हजारो लाल तोरणांमधून डोंगर चढलो. इनारी भाताचा, पिकाचा देव. परत उतरताना लक्षात आलं की प्रत्येक खांबाच्या मागच्या बाजूला देणगीदाराचं नाव आणि तारीख कोरलीय. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर नाव घालणारे आपलेच लोक नाहीत, हे बघून बरं वाटलं. नारात महाबुद्ध. 752 मध्ये त्याचे डोळे उघडण्याचा विधी भारतातून गेलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूच्या हातून झाला, आणि हे मी इतकी वर्षं शिकवत असून मला माहीत नव्हतं. ओसाका माझ्या डोळ्यांसमोरून दिव्यांच्या पाट्यांसारखी गेली. हे दर संध्याकाळी बागेतल्या गड्याला फोन करून पानांचा रंग विचारत होते.

ऑक्टोबरची छाटणी झाली, घड निघाले, डिसेंबरात डीपिंगची टोळी आली. सकाळी बघते तर ह्यांनी दोन ओळींपुरत्या वेगळ्या बादलीत जिलबीचा लाल रंग कालवलेला. बाया हसायला लागल्या. एकीनं विचारलं, "काय वं अण्णा, रंगपंचमी हाय का?" मुकादमीण काही बोलली नाही. संध्याकाळी गुलाबी झालेले हात पाटाच्या पाण्यात धुता धुता ती त्या दोन ओळी एकदा वरून खालपर्यंत चालत गेली, परत आली आणि म्हणाली, "उद्या समद्याच बादल्यांत घाला."